बिनकानाचे कप

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. टेंभी नाक्यावरच्या हॉटेलात तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसायचा. चहा संपला की कप उलटा करून बूड बघायचा, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. नाव मी कधी विचारलं नाही. ठाण्यातल्याच एका चिनी मातीच्या कारखान्यात तो कामाला होता.

भट्टीत कान गळालेले कप तिथे मागच्या खड्ड्यात फेकत. फुटका मालही फाटकाबाहेर न्यायला बंदी होती. याने तसला एक कप डब्यात लपवून घरी नेला, रात्री त्यात दही लावलं आणि सकाळी परत आणला. फाटकावर पकडला गेला. पहारेकऱ्याने साहेबांपुढे उभा केला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, साहेबांनी दही खाल्लं. म्हणाले, नोकरी जाईल तुझी. म्हटलं, जाऊ दे, पण आधी हा कप मिठाईवाल्याला दाखवून येतो."

दही विकायला मिठाईवाल्यांनी अख्खा खड्डा उपसून नेला. पुढे कारखाना मुद्दामच बिनकानाचे कप काढू लागला.

"एवढं डोकं आहे, तर स्वतःचा धंदा काढा की."

"एवढी मोठी भट्टी मला कोण देणार? आणि एवढा बिघडलेला माल?"

"आता खूश असाल."

"छे. ते कप आता चांगल्या मालात गेले," तो जरा रुसून म्हणाला.

माझ्या बशीतला चहा त्याने माझ्या कपात ओतला आणि बशी उलटी केली.

"वाकड्या बशीचं काय करता येईल हो?"

वाकडी बशी दिसली की मी अजून थबकतो.