क्रोमार्टीच्या खाडीतला आवाज

स्कॉटलंडला लोक डोंगर बघायला जातात, तळी बघायला जातात. मी गेलो जावयाला अडवायला.

माझ्या लेकीचा, सुजाताचा, फोन आला तेव्हा मी कॉव्हेंट्रीतल्या माझ्या गॅरेजमध्ये एका व्हॅनच्या इंजिनाशी कान नेऊन उभा होतो. ही जुनी सवय. नागपुरात इंदोऱ्याला एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो, इथे आल्यावर आधी दुसऱ्यांच्या गॅरेजात टायर बदलले, मग स्वतःचं शटर उघडलं. आता कॉम्प्युटर जोडला की गाडी आपला आजार आपणच सांगते, पण मी आधी ऐकतो. माणसांचंही तसंच. तोंड एक सांगतं, आवाज दुसरंच.

"बाबा, प्रशीलला कॅनडाची ऑफर आलीये. पुढच्या गुरुवारपर्यंत कळवायचंय. तो हो म्हणणार आहे. तुम्ही या आणि त्याच्याशी बोला."

"मी काय बोलू त्याला?"

"काहीही बोला. माझं तो ऐकून घेतो फक्त, ऐकत नाही."

आवाजात रडू नव्हतं, थकवा होता. रडू असतं तर मी फोनवरच भागवलं असतं. शुक्रवारी पहाटे निघालो. कमल, म्हणजे आमची मंडळी, विहारातल्या कार्यक्रमात अडकलेली होती, त्यामुळे एकटाच.

तुम्ही जाणार असाल तर ऐका, राजेहो. कॉव्हेंट्री ते अॅबरडीन एका दिवसात होतं, पण सकाळच्या ट्रॅफिकआधी एम-सिक्स गाठा. हायवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये डिझेल भरू नका, जेवू तर मुळीच नका. मी थालीपीठं आणि ठेचा बांधून नेला होता आणि कंब्रियाच्या डोंगराकडे तोंड करून गाडीच्या बॉनेटवर जेवलो. डंडीच्या पुढे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, तिथे घाई केली की घरी पत्र येतं. संध्याकाळी समुद्र उजव्या हाताला आला आणि राखाडी दगडांचं ते शहर दिसायला लागलं.

प्रशील दारातच उभा होता. "जय भीम, मामाजी." वाकून बॅग घेतली. पोरगा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. नागपूरचाच. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कंट्रोलची यंत्रं सांभाळायचा. दोन आठवडे पाण्यावर, तीन आठवडे घरी. ते काम गेल्या उन्हाळ्यात संपलं. इथल्या सरकारने तेल काढायचे नवीन परवाने बंद केलेत, नफ्यावर जादा कर लावलाय, कंपन्या हात झाडून निघतायत. हे चूक की बरोबर, यावर त्याच्याच गल्लीत दोन घरांचं पटत नाही. पण ज्याचं काम गेलं त्याचं गेलं.

रिग सुटला, सवय सुटली नाही. कुठेही गेला की हा आधी बाहेर पडायचा रस्ता शोधतो. घरी आग लागली तर सगळ्यांनी कचऱ्याच्या निळ्या डब्यापाशी जमायचं, हा त्यांच्या घरचा नियम. मी पाणी पितोय तोवर मलाही सांगून झालं. सुजाता म्हणाली, "लग्नाच्या हॉलमध्येपण यानं माझ्या कानात हेच सांगितलं होतं, बाबा. हार घालायच्या आधी."

रात्री जेवताना विषय निघाला. प्रशीलची एक लकब आहे, महत्त्वाचं बोलायच्या आधी घशातल्या घशात बारीक 'हं' करतो. ते ऐकू आलं आणि मी घास खाली ठेवला.

"मामाजी, तिकडे सगळं बदललंय. इतकी वर्षं तिथलं सरकार तेल म्हटलं की नाक मुरडायचं. आता शेजारच्यानं आयातकराचा धाक घातल्यावर त्यांना कळलं की एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही. पश्चिम किनाऱ्यावरून गॅसची जहाजं आशियाकडे सुटायला लागलीत. अल्बर्टाच्या तेलासाठी नव्या पाइपलाइनचा करार झालाय."

"पाइपलाइनचा रस्ता ठरला?"

"ठरतोय."

"पैसे कोण घालणार?"

"कंपन्या बघतायत."

"आणि जमीन ज्यांची आहे, त्यांना विचारलं?"

तो हसला. "विचारतायत. काही हो म्हणतात, काही नाही. मला पाइपलाइनवर जायचंच नाही, मामाजी. मला गॅसच्या प्लांटवर घेतायत. तो उभा आहे, चालू आहे."

"मी इथे वॉर्डची हेड सिस्टर झालेय," सुजाता वरणाकडे बघत म्हणाली. "गेल्याच महिन्यात. तिकडे मला परत परीक्षेपासून सुरुवात. हे पण सांग ना बाबांना."

भाजी चांगली झाली होती, तेवढं मी म्हणालो.

घरात बसून असं बोलणं होत नाही, गाडीत होतं. गाडीत सगळ्यांची तोंडं एका दिशेला असतात. म्हणून रविवारी मीच म्हटलं, चला, कुठेतरी जाऊ. "मग क्रोमार्टीला जाऊ," प्रशील लगेच म्हणाला. जरा जास्तच लगेच. मी कानात नोंद ठेवली.

अॅबरडीनपासून क्रोमार्टी तीन तास धरा. ए-नाईन्टीसिक्सवर ट्रॅक्टर लागतात, धीर ठेवा. इनव्हरनेसचा पूल ओलांडला की उजवीकडचा रस्ता बार्लीच्या शेतांतून चिंचोळा होत जातो आणि संपतो तिथे हे गाव. पांढरी घरं, छोटा धक्का, दीपगृह. पार्किंग फुकट. उतरल्या उतरल्या जावईबापूंनी सांगितलं, "काही झालं तर गाडीपाशी जमायचं." सुजातानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

आणि मग मी पाण्याकडे बघितलं.

मी फोटो पाहिले होते. फोटोत अंदाज येत नाही. खाडीच्या मधोमध, घरांच्या अगदी समोर, चार रिग उभे होते. पाण्यात पाय रोवलेले, अंगावर गंजाचे ओघळ. भर दिवसा दिवे लागलेले. माणूस एकही दिसत नव्हता. वारा नव्हता, पाणी तेलासारखं सपाट, आणि त्यावरून एक घरघर येत होती. आयडलिंगला सोडलेल्या इंजिनाची. ती घरघर मी आयुष्यभर ऐकलीये, पण नेहमी कुणीतरी गाडीत बसणार असतं, निघणार असतं.

"काम नसलं की इथे आणून ठेवतात," प्रशील म्हणाला. "काहींना पुन्हा बोलावणं येतं. बाकीचे मोडीत."

"आणि तोवर?"

"तोवर राखणदार असतात चार-पाच. दिवे, जनरेटर, पंप, सगळं चालू ठेवायचं. बंद केलं की मरतो तो."

धक्क्याजवळच्या कॅफेत आम्ही सूप आणि स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव घेतले. (माशाचं सूप घ्या, धुराच्या वासाचं, पोटभर होतं.) बाहेरच्या बाकावर बसलो. मालकीण साठीची, तिचा म्हातारा कुत्रा आमच्या पायाशी. ती कप ठेवताना म्हणाली, "बारा वाजता कप हातात धरू नका हं. नवीन लोक सांडतात."

"का? काय होतं बाराला?"

"तो बोलतो," ती म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळानं समुद्राकडून धुकं आलं. इथे ते असं येतं की बघता बघता दीपगृह नाही, मग धक्क्याचं टोक नाही, मग एकेक करून रिग नाहीत. फक्त घरघर उरली. कुत्रा उठला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

मग भोंगा. लांब, खाली-वर होणारा, पाण्यावरून सरपटत आलेला. तो थांबला. आणि त्या पांढऱ्या धुक्यातून, कुणी कानाशी येऊन बोलावं तसं, पहिल्यांदा ऐकू आलं ते एक बारीक 'हं'.

पुढची वाक्यं इंग्रजीत होती: सगळ्यांनी लक्ष द्या, ही धोक्याच्या भोंग्याची चाचणी आहे, ही फक्त चाचणी आहे, कुणी काहीही करायची गरज नाही. मला शब्दांची गरजच नव्हती. मी वळून शेजारी बघितलं. प्रशीलची जागा रिकामी होती.

तो गाडीपाशी उभा होता. ताठ, हात मागे, धुक्याकडे तोंड. कधी उठला, आम्हाला कळलं नाही. मला वाटतं त्यालाही कळलं नसावं. धुक्यातला प्रशील तेच सगळं दुसऱ्यांदा सांगत होता आणि गाडीपाशीचा प्रशील ओठ मिटून ऐकत होता.

सुजातानं माझा दंड धरला. "बाबा, हा..."

"हो," मी म्हटलं. "त्याचाच आहे."

आवाज थांबल्यावर आम्ही त्याच्यापाशी गेलो. तो ओशाळला होता. "समोरच्या एका रिगवर मी होतो. सात वर्षांपूर्वी टेप केलं होतं. आधीचा आवाज एका ग्लासगोवाल्याचा होता, पोलंडच्या, फिलिपिन्सच्या पोरांना ओ की ठो कळायचं नाही. साहेब म्हणाला, तू सावकाश बोलतोस, तू बोल. पाच मिनिटांचं काम होतं."

"आणि अजून लावतात?" सुजाता म्हणाली.

"एक माणूस असला तरी दर रविवारी चाचणी करावीच लागते. नियम आहे. राखणदारांपैकी एकाला मी फोन केला होता, म्हटलं काढून टाका. तो म्हणाला, नवीन कोण टेप करणार, बाबा रे, इथे बोलायला आहे कोण?"

"तू आधी आला होतास इथे," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"तीनदा. तू ड्युटीवर असताना."

धुक्यातून पुन्हा घरघर यायला लागली, म्हणजे ती होतीच, आता आम्हाला ऐकू यायला लागली. माझ्या मनात तयारी झाली होती. आता हाच मोका. बघ, प्रशील, जेव्हा तू इथे आलास तेव्हाही सरकार असंच गोड बोलत होतं, असेच करार होते, आणि हे बघ त्या गोड बोलण्याचं पुढे काय झालं, पाण्यात उभं आहे. मी घसा साफ केला. पण तोच आधी बोलला.

"हं... मामाजी, तुम्ही काय म्हणणार ते मला माहितेय. तिकडेही एक दिवस असंच होईल. होऊ दे. पण इथे मी दर रविवारी सांगतोय की कुणी काही करायची गरज नाही, आणि घरी बसून नेमकं तेच करतोय. मला भीती वाटते. दोघांतला कुठला मी, ते कळेनासं झालंय."

राजेहो, मी बोलायला कच्चा नाही. गिऱ्हाइकाला नको असलेला क्लच मी कधी विकला नाही, पण हवा असलेला त्याच्या तोंडून वदवून घेतलाय. तिथे मात्र मी बॉनेटवरचं धुक्याचं पाणी तळव्यानं पुसत राहिलो.

सुजातानं खाडीकडे पाठ केली. "मला तू इथे अर्धा नकोय," ती म्हणाली. "चल. मी परीक्षा देईन. पण तिकडे कुणी कितीही मागितलं तरी आवाज टेप करून द्यायचा नाही."

"नाही देणार."

"बाबांसमोर सांग."

"मामाजी, नाही देणार."

गाडीत बसताना त्यानं आम्हाला मोजलं. या वेळी सुजातानं डोळे फिरवले नाहीत.

परतीच्या प्रवासात लिहिण्यासारखं काही नाही. पाऊस होता. लॉकरबीजवळ एका फार्म शॉपमध्ये बटाट्याची गरम 'पाय', म्हणजे भाजलेली कचोरीच, मिळते, ती चांगली. कमलनं दारातच विचारलं, "थांबवलंत?" मी म्हटलं, "पाठवून आलो." ती दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली.

आता ते तिकडे गेलेत. सुजाता गावात भाड्याच्या घरात अभ्यास करते, प्रशील प्लांटच्या कॅम्पवर राहतो आणि सुट्टीला घरी येतो. क्रोमार्टीतल्या कॅफेवाल्या बाईला मी परवा फोन केला, स्कोनचं निमित्त काढून. ती म्हणाली, एक रिग ओढून नेला, पण आवाज आहे, कुत्रा अजून टेबलाखाली जातो. तुम्हाला जायचं असेल तर रविवार धरूनच जा.

गेल्या रविवारी प्रशीलचा फोन आला. आमच्याकडे रात्रीचं जेवण, तिकडे दुपार. कमलनं फोन स्पीकरवर ठेवला. पोरगा खुशीत होता, बर्फ, अस्वलं, कॅम्पमधला केरळचा स्वयंपाकी, सगळं सांगत होता. तेवढ्यात त्याच्यामागे भोंगा वाजला. आणि मग एक आवाज, पुरुषाचा, सावकाश, कुठल्यातरी लांबच्या देशातलं इंग्रजी.

"हा कोण रे?" मी विचारलं.

"मीपण विचारलं, मामाजी. कोणाला माहीत नाही. आधीच्या कॅम्पवर होता म्हणे कोणी. कॅम्प हलला, टेप बरोबर आली."

"आणि तू...?"

"मागितला होता त्यांनी. जुना झालाय म्हणे हा. मी सांगितलं, बायकोला वचन दिलंय." तो हसला, पण त्याच्या आधी ते 'हं' आलं.

मागे तो अनोळखी माणूस सांगत होता, ही फक्त चाचणी आहे, कुणी काहीही करायची गरज नाही.

"अहो," कमल म्हणाली, "ताट टाकून चाललात कुठे?"

मी बघितलं. मी दारात उभा होतो, हातात गाडीची किल्ली.