नाव नक्की नाही

ढेकूणआबांना किड्याचं नाव विचारलं की त्यांनी सरळ उत्तर दिलंय असं कधी झालं नाही. वरवंडच्या माझ्या शेती-औषधांच्या दुकानात शेतकरी वांग्याचं पान घेऊन उभा, त्याला फवारणीची घाई, आणि आबा चष्मा कपाळावर सरकवून भिंगातून बघत म्हणायचे, "थांबा की. पंखाचं टोक मोडल्यागत खाली वळलंय का, बघू द्या." माझं डोकं फिरायचं.

आबा मूळचे खुटबावचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, तिथूनच निवृत्त झाले. झाडांचा रस शोषणारे, ढेकणाच्या जातकुळीतले किडे गोळा करायचा त्यांना नाद, म्हणून गावानं हे नाव ठेवलं. आमच्या लेखी सगळे 'ढेकण्या' आणि सगळ्यांना एकच औषध. आबा यावर चिडायचे. "भेंडीवरला लाल येगळा, तुरीची शेंग चोखणारा येगळा. आन् हा हिरवा बारका, हा तर दुसऱ्या किडींची अंडी खातो. राखणदार आन् चोर एकाच लायनीत उभं करताय व्हय?"

पटायचं हो, पण गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं त्याचं काय? एकदा ते भिंग पुसेपर्यंत मी बाटली देऊन मोकळा झालो. आठवडाभर आबा फिरकले नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मारायच्या आधी वळख तरी करून घ्यावी मानसानं."

प्रत्येक किडा ते कागदाच्या तिकोनी तुकड्याच्या टोकाला चिकटवायचे, त्यात टाचणी, खाली चिठ्ठी. शेवटच्या वर्षी त्यांना स्वतःच्या वांग्यात एक तपकिरी किडा सापडला, मिशांवर पांढरा पट्टा असलेला. त्यांच्या कुठल्याच पुस्तकात तो बसेना. पोस्टानं पाठवायला तयार नव्हते. "पाय मोडला तर वळखच गेली. पुण्याच्या जाणकाराला हातानं न्हेऊन दावायचा. तुमची गाडी कवा निघतीय?" तीनदा विचारलं त्यांनी. तिन्ही वेळा मी म्हणालो, "सीझन संपू द्या, आबा."

सीझन संपायच्या आत आबा गेले. जाण्याआधी टाचलेल्या किड्यांची पेटी माझ्या हवाली केली होती. "डांबराच्या गोळ्या तेवढ्या बदलत ऱ्हावा. वाळल्या किड्यांनाबी कीड लागती."

पेटी मी वरच्या फळीवर ठेवली आणि विसरलो. यंदा पुण्याला निघताना आठवली, उघडली, तर आत नुसता भुस्सा. टाचण्या, कागदाचे तिकोन, चिठ्ठ्या. खालच्या चार फळ्यांवर कीटकनाशकं खच्चून भरलेली, आणि माझ्याच दुकानात किड्यांनी पेटी फस्त केली! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तसाच खुटबावला गेलो. आबांच्या वांग्याच्या रानात आता ऊस उभा आहे. बांधावर तासभर पानं उलटून पाहिली, मिशांवर पट्टा असलेला एकही दिसला नाही.

खिशात चिठ्ठी होती, आबांच्या बारीक अक्षरातली: 'खुटबाव. वांगी. एकच मिळाला. नाव नक्की नाही.' ते आता कधीच नक्की व्हायचं नाही, आणि पुणं दीड तासावर होतं.