मला न सांगितलेली बातमी

लहानपणी आलेल्या सांधेदुखीच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली. लग्न ठरतानाच आम्ही हे सांगितलेलं, आणि सासरी कुणी त्याचा बाऊ केला नव्हता. गोळ्या घ्यायच्या, जिना सावकाश चढायचा, एवढंच.

मग सासूबाईंच्या आवडत्या मालिकेतल्या सुनेला नेमका हाच आजार झाला. वाईट बातमी ऐकली की ती छाती धरून धाडकन पडायची. डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये सासूबाई डोळे पुसत बघायच्या आणि मधेच माझ्याकडे वळायच्या.

"आई, असं नसतं हो," मी हसून म्हणायचे.

"डॉक्टरांना विचारूनच दाखवत असतील ना?"

एका दुपारी शेजारच्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "तुझे मामेसासरे गेले ना गं? वाईट झालं."

मला माहीतच नव्हतं. आदल्या दिवशी घरातले सगळे कल्याणला गेले ते 'मामांना बघून येतो' असं सांगून. नवऱ्याला फोन केला.

"आज सांगणारच होतो," तो म्हणाला. "आई घाबरलेली गं."

मी तशीच रिक्षा करून कल्याणला गेले. दारात पाऊल टाकलं आणि आतलं रडणं थांबलं. कुणी खुर्ची ओढली, कुणी पंखा वाढवला. भिंतीला टेकून बसलेल्या मामी उठल्या.

"तू कशाला आलीस गं? तुला सोसवत नाही ना?"

त्यांनी मला पाणी दिलं. कालच नवरा गेलेली बाई माझी पाठ चोळत होती. मला काही होत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. रडता रडता दम लागला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या तपासणीला सासूबाई नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे सोबत आल्या. मालिकेची अख्खी गोष्ट त्यांनी डॉक्टरांना सांगितली. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले. डॉक्टर हसले नाहीत.

"दुःखाने कुणाचंही हृदय धडधडतं, आजी. हिला दम थोडा जास्त लागेल. पण बातमी ऐकून ही अशी धाडकन पडणार नाही. गोळ्या चुकवू देऊ नका, पाय सुजले तर लगेच या. आणि तिच्यापासून काही लपवू नका."

रिक्षात बसल्यावर सासूबाईंनी माझ्या गोळ्यांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "मामी एकट्या पडल्यात. जाऊन येतेस?"

मी गेले. मामी आधी माझ्याच तब्येतीचं विचारू लागल्या. मी म्हटलं, "मामी, मामांचं सांगा ना. शेवटी काय झालं?"

त्या सांगायला लागल्या, रडल्याही. पण मधेच थांबून माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायच्या, मला झेपतंय ना म्हणून. दर वेळी माझी मान खाली जायची.