घाटघरातल्या खुंट्या

घाटमावशी कुणाला नाव विचारत नसत. घाटघराच्या उंबऱ्याशी नवखं माणूस दिसलं, की हातातला केरसुणीचा मुठा न सोडता त्या एवढंच विचारत, "बसाया आलास, का बघाया?" बघायला आलेल्यांना बाहेरच्या पायऱ्या मोकळ्या होत्या. बसायला आलेल्याला त्या आत घेत, आणि मग लवकर उठणं त्याच्या हातात राहत नसे.

आमचं घाटघर म्हणजे पवनेच्या काठावरचा कौलारू, लांबट सोपा. पिंपरीच्या कॅम्पापासून चालत वीस मिनिटं. गुरुवारी भजन, रोज वर्तमानपत्राचं वाचन, जत्रेच्या आधी नाटकाच्या तालमी, दुपारी बायकांचा अक्षरवर्ग. गावाचं घराबाहेरचं जगणं बहुतेक तिथंच चाले. मी शाळेत मास्तर, म्हणून वाचन माझ्याकडे. मावशी नवरा गेल्यावर तिथं झाडलोटीला आल्या होत्या. पुढं घाटघर त्यांच्याच शब्दावर चालू लागलं.

तिथली एक रीत होती. गावातल्या प्रत्येक घराचं चिंध्यांचं शिवलेलं एक बसकर भिंतीतल्या खुंटीला टांगलेलं असे. यायचं, आपलं बसकर काढून अंथरायचं, जाताना पुन्हा टांगायचं. ज्याची खुंटी, तो घाटघरातला. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण भिंतीकडे एकदा पाहून कोण किती दिवस आलेलं नाही ते त्या सांगत. मी एकदा तापानं आठवडाभर पडून होतो, तर पेजेचं भांडं घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या बसकरावर कोळ्यानं संसार मांडला. म्हनलं, बघून यावं माणूस हाय का न्हाई."

माझ्या वाचनावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. मी अग्रलेख सुरू केला की पाच मिनिटांत म्हणत, "जरा दमानं. ते दिल्लीचं ऱ्हाऊ द्या. पावसाचं काय म्हनत्यात?" मी पावसाचं वाचायचो. मग अंमळ थांबून त्याच म्हणत, "बरं, आता दिल्लीचं सांगा. बिचारं तुमी वाट बघताय."

एका गुरुवारी भजन चालू असताना पायरीवर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. कॅम्पातल्या, फाळणीत सिंध सोडून आलेल्यांपैकी. नाव देवीबाई, हे मागाहून कळलं. मावशींनी नेहमीचं विचारलं, "बसाया आलीस, का बघाया?" बाईंचा चेहराच बदलला. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "हां माई, बसने आए हैं. अब और कहां जाएं?"

मावशींना त्यातलं 'बसने' तेवढं कळलं. त्यांनी हात धरून बाईंना आत आणलं, स्वतःचं बसकर काढून दिलं आणि आपण फरशीवर बसल्या. भजन संपल्यावर मी समजावून सांगितलं, की मावशी, त्यांच्या बोलीत बसणं म्हणजे वसणं, घर करून राहणं. तुम्ही विचारलंत, इथं राहायला आलीस का. मावशी म्हणाल्या, "मग चुकलं कुटं? बसल्याबिगर कोन वसतंय व्हय?"

पंचांतले आबा पाटील मात्र चिडले. "मावशे, आज बसकर दिलं, उद्या खुंटी मागतील. खुंटी दिली म्हंजे हक्क दिला. गावाची जागा हाय ही."

"गावाची खुंटी कोन देतंय? मी माझी दिली. माझ्या खुंटीवर तुमचा हक्क हाय का?"

पुढच्या गुरुवारी देवीबाईंबरोबर आणखी दोघी आल्या, मग चौघी. सगळ्यांची बसकरं मावशींच्या एकाच खुंटीवर. अखेर एके दिवशी ती खुंटी मातीच्या ढेकळासकट भिंतीतून निघून खाली आली. आबांनी कपाळाला हात लावला आणि स्वतः सुतार आणून पाच खुंट्या मारून घेतल्या. मारताना मोठ्यानं सांगितलं, "ह्या तात्पुरत्या हायत बरं का. पंचांच्या मनात येईल तवा काढनार." मावशी म्हणाल्या, "काढा की. पन आधी जरा खोल ठोका. हलत्यात."

तीन वर्षं त्या खुंट्या तात्पुरत्याच राहिल्या. पंचांची बैठक झाली की कुणीतरी विषय काढी, आणि मावशी केर काढत काढत नेमक्या तिथंच येत. बैठक उठे. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा एकच बोलत, "माज्यामागं त्या बायांच्या खुंट्या उपटू नका रं." आबा समोर असत. ते मान खाली घालत, पण होय म्हणत नसत. पंचांना विचारल्याशिवाय शब्द कसा द्यावा, ही त्यांची अडचण खरीच होती.

गेल्या महिन्यात मावशी गेल्या. दहावं घाटावरच झालं. पिंड मांडला तेव्हा सगळ्यांच्या मनात तीच धास्ती होती, की कावळा शिवायचा नाही. आबांनी आदल्या दिवशी पंचांना गोळा करून त्यांच्याकडून होकार घेतला होता. नदीला तोंड करून, हात जोडून ते उभे राहिले. कॅम्पातल्या पाचही जणी जरा लांब, पायऱ्यांवर होत्या. आबांनी घसा खाकरला. बोलणार, एवढ्यात समोरच्या बाभळीवरून कावळा उतरला आणि पहिल्याच झेपेत घास घेऊन गेला.

आबांचे हात जोडलेलेच राहिले.

"आरं, मी अजून बोललोच न्हाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. मग त्यांचे डोळे भरून आले. "एवढा इश्वास हुता व्हय म्हातारीचा?"

भटजी म्हणाले, "झालं आबा, शिवला. आता बोलायची गरज नाही."

"तरी बी बोलनार," आबा म्हणाले, आणि पंच, सोयरे, कॅम्पातल्या बाया, सगळ्यांना ऐकू जाईल असं, विस्कटलेल्या पिंडाकडे बघून बोलले, "मावशे, त्या खुंट्या गावाच्या हायत."