उलट्या आट्यांची वाटी

कनेरगाव नाक्यावर मिराबाई राठोड वीस वर्षांपासून सायकली दुरुस्त करतात. तांड्यातल्या बायकांत पान्हा पहिल्यांदा त्यांनीच धरला. न सुटणारी वस्तू समोर आली की आजही त्यांचे डोळे चमकतात.

परवा साखऱ्याचे उत्तमराव आपली जुनी सायकल टेम्पोत घालून घेऊन आले. पायडल फिरतच नव्हतं.

"दोन दुकानं झाली, बाई. आतली वाटी गंजून बसली, भंगारात घाला म्हणून राहिले."

"भंगारात काहून?" मिराबाईंनी चाकं, पायडल सगळं उतरवलं. पायडलचा दांडा जिच्यात फिरतो त्या उजवीकडच्या वाटीवर पान्ह्याचे ओरखडेच ओरखडे होते. त्या एकदम हसल्या. "भाऊ, हिचे आटे उलटे असतात. सोडवता सोडवता त्यांनी अजून आवळून ठेवली!"

त्यांनी वाटीला डिझेल पाजलं आणि तासभर थांबून पान्हा लावून उलट्या दिशेने फिरवला. पान्हा घसरला. पुन्हा घसरला. मग त्यांनी टेबलावर पक्क्या बसवलेल्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात ती वाटीच घट्ट आवळली आणि आडवा सांगाडा दोन्ही हातांनी धरला.

"धरा तिकडून! वाटी फिरत न्हाई तर आपण सायकलच फिरवू."

दोघं जातं ओढावं तसे जोर लावून राहिले. टेबल करकरलं, उत्तमरावांचा पटका सुटला, आणि कडाड् आवाज होऊन सांगाडा हातभर सरकला.

"सुटली! बराबर सुटली!" मिराबाई लहान पोरीसारख्या ओरडल्या.

नवे छर्रे, नवी वाटी, भरपूर ग्रीस. संध्याकाळी उत्तमराव घंटी वाजवत नाक्याला चकरा मारत होते, आणि मिराबाई ती गंजकी वाटी येईल त्याला दाखवत होत्या.