मोहाच्या वाटेवर ढवळ्या

किस्से सांगायला बसले की लोक म्हणतात, "मॅडम, तुम्ही रचून सांगता." अहो, रचायला वेळ कुणाला आहे? नागभीडपलीकडच्या आमच्या शाळेत कालचा किस्सा सांगून होत नाही, तोवर आजचा तयार असतो!

मी तिथे विज्ञान शिकवते. सायत्राबाई शाळेत खिचडी शिजवतात. जंगलात त्यांचं मोहाचं झाड आहे, सासूनं लग्नानंतर दाखवून दिलेलं. आमच्याकडे ज्याचं झाड, त्यानंच फुलं वेचायची. पण त्या वाटेवर वाघ दिसला आणि बाईंचे दोन हंगाम घरीच गेले. एकदा खिचडी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "झाड वाट पाहत असन माही."

सातवीतली प्रणाली, रोशन आणि पायल जेवायचे थांबले. रोशन म्हणाला, "आपण आधी रोबोट धाडू ना जी! वाघ असन तं कॅमेऱ्यात दिसन!"

झालं. आमचा रोबोट क्लब असा जन्माला आला.

*

फवारणी पंपाची मोटर आणि बॅटरी, लहान सायकलची चाकं, तेलाचा पांढरा डबा आणि त्यावर बांधलेला फुटक्या काचेचा मोबाइल. डबा पांढरा म्हणून नाव ढवळ्या. त्यात काय दिसतंय ते दुसऱ्या मोबाइलवर बघायचं आणि त्यावरच्याच बटणांनी ढवळ्याला चालवायचं.

पहिली चाचणी वऱ्हांड्यात झाली. वायर उलट्या जोडल्या गेल्या होत्या. डावीकडे वळवला की ढवळ्या उजवीकडे, आणि उजवीकडे मुख्याध्यापकांचं ऑफिस!

सर खुर्चीवर चढले आणि तिथूनच म्हणाले, "छान आहे! बाहेर न्या!"

*

दुसरी चाचणी पोळ्याला ठरली. सुट्टी होती ना! तळ्याच्या पाळीवर सगळे जमलो, तर सायत्राबाई आरतीचं ताट घेऊन हजर. ढवळ्याला हळद-कुंकू लावलं, पुरणपोळीचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. रोशननं बटणाकडे बोट नेलं आणि त्याच्या हातावर चापट बसली.

"पोळ्याच्या दिवशी बैल जुंपतेत का रे?"

"बाई, हे मशीन आहे जी!"

"मंग काल गरम काऊन झालं होतं? थकलं म्हणूनच ना!"

मोटर खरंच तापली होती. मी मुकाट्यानं बॅटरीची वायर काढून ठेवली. ढवळ्यानं त्या दिवशी आराम केला.

*

मग जंगलाच्या कडेला सराव सुरू झाला. एकदा ढवळ्या झुडपाआड गेला आणि पायल ओरडली, "मॅडम, कोणाचा तरी व्हिडिओ कॉल आला!"

बघते तर स्क्रीनभर दात! माकडानं मोबाइल सोडवून झाडावर नेला होता. आम्ही खालून हात जोडत होतो आणि ते वरून एकेकाचं चित्रीकरण करत होतं. शेवटी प्रणालीनं आपल्या जेवणाच्या डब्यातली भाकर दाखवली, तेव्हा सौदा झाला.

*

वासुदेवभाऊ आमच्या भागातले वनरक्षक. एका सकाळी गंभीर चेहऱ्यानं शाळेत आले आणि एक फोटो पुढे ठेवला. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात ढवळ्या आला होता, कपाळावर कुंकवासकट!

"मॅडम, याले कोणत्या रकान्यात लिहू? वन्यप्राणी की पाळीव?"

प्रणाली ठसक्यात म्हणाली, "पाळीव लिवा जी. त्याची पूजा झाली आहे!"

भाऊ हसले आणि त्याच दिवशी आमच्यात सामील झाले. अट एकच. पोरं डांबरी रस्त्यावरून हलणार नाहीत, ढवळ्या पुढे जाईल आणि वाट मोकळी दिसली तरच भाऊ स्वतः बाईंना घेऊन जातील.

*

मोहफुलं गळायला लागली आणि तो दिवस आला. सूर्य उगवत होता. सायत्राबाईंना निरोप होता की, ढवळ्याचा 'ओके' येईपर्यंत घरीच थांबायचं. पोरांची सात-आठ महिन्यांची मेहनत त्या वाटेवर खडखडत चालली होती.

स्क्रीनवर पाचोळा दिसला. वळण आलं. मग मोहाचा बुंधा.

बुंध्यामागे काहीतरी हललं.

"थांबव!" भाऊ पुटपुटले. पायलनं माझा दंड घट्ट धरला. रोशननं बटण सोडलं.

ते जे काही होतं, ते उठून सरळ ढवळ्याकडे आलं. आधी टोपली दिसली, फुलांनी अर्धी भरलेली. मग लुगड्याचा काठ. मग कॅमेऱ्यात हा एवढा मोठा सायत्राबाईंचा चेहरा! त्यांनी पदरानं काच पुसली.

भाऊ काठी घेऊन धावत सुटले. त्यांचा आवाज आम्हाला रस्त्यापर्यंत ऐकू आला, "बाई! ढवळ्याच्या आधी तुम्ही काऊन आल्या इथी?"

बाईंचा आवाज मोबाइलमधून आला, अगदी शांत.

"वाघ असता तं त्यानं ढवळ्याले फोडलं नसतं का, भाऊ? पोट्ट्यायनं किती मेहनतीनं बनवलं त्याले! म्हणून मीच पह्यले येऊन पाहून घेतलं."