मुंगीचं रंगीत पोळं

माझ्यासारखं वेल्डिंग आमच्या भागात कोणी करत नाही. वीस वर्षांत मी जोडलेलं एकही गेट लोंबलेलं नाही, कोणालाही विचारा. पण आज सांगायचंय ते माझ्या धाकट्या बहिणीबद्दल. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून दिसेल ते उचलून घरात आणायची तिची खोड.

मी सातवीत शाळा सोडली. ती दहावी झाली आणि बाइंडिंगच्या कारखान्यात तिनं अकरा वर्षं वह्या शिवल्या. कारखाना बंद पडला त्या दिवशी बाकीच्या बायका डोळे पुसत घरी गेल्या. आमची मुंगी कातरणाची सहा पोती घेऊन रिक्षातून उतरली.

"हे काय आणलंस?"

"कागद."

"कचरा आहे हा, बाई."

"आज आहे," म्हणाली आणि पोती माझ्या वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली.

तिथं तिनं कागद करायला सुरुवात केली. कातरण भिजवायचं, त्याचा लगदा करायचा, जाळीची चौकट त्यात बुडवून वर काढायची, ओला कागद फडक्यावर उलटायचा, दाबायचा, दोरीवर वाळत घालायचा. लगदा घुसळायला जुन्या वॉशिंग मशीनच्या ड्रमला पाती मी बसवून दिली. दाबायला ट्रकच्या जॅकचा प्रेसही मीच केला. तसा प्रेस पैसे टाकून मिळणार नाही. रंग मात्र ती चिमूटभरही घालत नाही. लाल फायलींचा लाल कागद, औषधांच्या खोक्यांचा निळा, जुन्या पाकिटांचा पिवळा. त्याच्या ती वह्या शिवते, अशा पक्क्या की पान उपटून दाखवा.

या वह्यांना चित्रांच्या दालनातला विक्रीचा काउंटर मिळावा म्हणून ती दोनदा दालनाच्या बाईंकडे जाऊन आली. बाई म्हणाल्या, "छान आहेत हो, पण अशा वह्या खूप जणी आणतात. कोणी पाहिलं नसेल असं काही असेल तर पुढच्या महिनाअखेरच्या प्रदर्शनात ठेवा, मग काउंटरचं बघू." तो काउंटर नाही मिळाला तर पॅकिंगच्या कारखान्यात जायचं तिनं ठरवलं होतं. बारा तास उभं राहायचं काम. तिचे गुडघे मला माहीत आहेत.

तेव्हापासून ती शेडमध्ये काहीतरी करत होती. विचारलं की "नंतर सांगते."

एका दुपारी ती बाजारात गेली होती. मी शेडमध्ये क्लॅम्प आणायला शिरलो आणि कानाला असा चटका बसला की ब्रह्मांड आठवलं. वर पाहिलं तर अंधाऱ्या कोपऱ्यात, अँगलला, गांधीलमाश्यांचं पोळं! बरोबर खाली तिचा लगद्याचा टब. माझी बहीण रोज याच्याखाली वाकून काम करते आणि तिला पत्ताच नाही? माझं डोकंच फिरलं. वेल्डिंगचं हेल्मेट चढवलं, हातमोजे घातले, बांबूला चिंधी बांधून धूर केला. त्या काळ्या काचेतून वेल्डिंगच्या आर्कचा लखलखाट सोडून काही दिसत नाही. अंदाजानंच बांबू हाणला. पोळं पडलं, त्यावर बूट दाबला. झालं काम.

मग हेल्मेट काढलं, आणि बुटाखाली पाहिलं. निळा पट्टा, पिवळा पट्टा, मग लाल. माश्यांचं पोळं राखाडी असतं, जन्मभर बघतोय. हे कसलं?

मागं पिशवी पडल्याचा आवाज झाला. मुंगी दारात उभी.

"दादा, काय केलंस हे?"

"तुला वाचवलं."

ती खाली बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. चुरा ओंजळीत घेऊन म्हणाली, "या माश्या लाकूड खरवडून, चावून त्याचा कागद करतात. माझ्यासारखाच. एकदा दोरीवरच्या निळ्या कागदावर ओरखडे दिसले आणि पोळ्याला निळी कड. मग मीच रंग बदलत गेले. पाच आठवडे, दादा. पिल्लं उडाली की उतरवणार होते. एका बाजूला त्यांचं घर, शेजारी त्याच कागदाच्या माझ्या वह्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितलं असतंस."

सांगितलं असतंच. का नाही सांगणार?

प्रदर्शनाला बावीस दिवस होते. तिसऱ्या दिवशी बायको ओरडली, "अहो, तुमच्या शटरला काय लागलंय बघा!" उरलेल्या माश्यांनी माझ्याच वर्कशॉपच्या शटरच्या खोक्याखाली बटणाएवढं नवं घर धरलं होतं. शटर ओढलं तर चिरडणार, आर्क पेटवला तर धुरानं पळणार.

मी शटर ओढलं नाही. आर्कही पेटवला नाही. गिऱ्हाईक यायचं, "मिस्त्री, गेट कधी?"

"हळू बोला."

"का? कोणी आजारी आहे का?"

"काम चाललंय आत."

मुंगीनं शटरशेजारच्या ग्रिलला आधी पिवळा, मग निळा कागद टांगला. मी खुर्ची टाकून बघत बसायचो. माशी कागदावर उलट सरकत जाते, मागं बारीक रेघ उठते, हनुवटीखाली लगद्याची गोळी धरते आणि जाऊन पोळ्याच्या कडेला ओढते. एकसारखी शिवण. माझ्याइतकी सरळ शिवण घालणारा कारागीर मी पाहिला नव्हता. तिथं पाहिला.

महिनाअखेरीला पोळं लिंबाएवढं झालं, दोन रंगांचं. मी म्हणालो, "अलगद काढून देतो. धूर नाही, काही नाही."

"आत पिल्लं आहेत. नाही काढायचं."

"अगं, मग काउंटर?"

"गेला तर गेला." तशीच दालनात गेली आणि बाईंना सांगून आली की पोळं येणार नाही, बघायचं तर इथं या. मी कपाळावर हात मारून घेतला. एवढी मोठी बाई लोखंडाच्या दुकानात येते होय?

आल्या. शटरखाली मान वर करून उभ्या राहिल्या. मुंगीनं निळी वही उघडून वर धरली. पोळ्याची कड आणि वहीचं पान, तोच निळा, तीच मधेमधे पांढरी कुसळं. तेवढ्यात एक माशी उतरली आणि सरळ त्या पानावर खरवडायला लागली. मुंगीचा हात हलला नाही.

"हे दालनात कधी येईल?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"त्या गेल्यावर."

"कधी जातील?"

"ते त्यांनाच विचारा."

बाई हसल्या नाहीत. वाकून पानावरचा ओरखडा पाहिला. मग म्हणाल्या, "वह्या आजच घेऊन चला. काउंटरवर. ही ओरखड्याची सगळ्यात वर ठेवा. आणि इथला पत्ता लिहून लावा, लोकांना इकडे पाठवते."

गठ्ठे मी गाडीत ठेवले. भर उन्हात शंभर किलोचं गेट एकटा उचलतो मी, पण त्या दिवशी एकेक गठ्ठा दोन्ही हातांनी जपून ठेवला. मुंगी पुढच्या सीटवर बसली, मांडीवर निळी वही. काच खाली करून म्हणाली, "दादा, ग्रिलला आता लाल लाव."